स्वतःपुरती गोधडी

सासू गोदाबाई गेल्या आणि शकुनला झोपच पुरेना. तेरवी झाली, पाहुणे पांगले, पुण्याचा मुलगा विपुल सुट्टी संपली म्हणून निघून गेला. तरी ती सकाळचा चहा झाला की भिंतीला पाठ लावून बसायची आणि बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. एकदा गॅसवर दूध ठेवून झोपली आणि पातेलं काळं पडलं. एकदा तुरीची डाळ निवडता निवडता मान सुपावरच गेली.

देवानंद, तिचा नवरा, एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला. स्वभावानं वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तिला हलवलं.

"अवं, बरं नाई काय तुले?"

"बरं हाय. थकली मी."

"आता कायचं थकनं? आता तर काई कामच नाई राह्यलं."

तेही खरंच होतं. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

सासू न्हाणीत घसरून पडली त्याला सात वर्षं होत आली होती. खुब्याचं हाड मोडलं, पाठोपाठ एक बाजू गेली, आणि गोदाबाई खाटेवरून पुन्हा उठल्या नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस पालटायची, मुगाची पातळ खिचडी चमच्यानं भरवायची, मेणकापड धुवायचं, वाळवायचं, पुन्हा अंथरायचं. शकुन त्याआधी घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. अकोल्यातल्या डाबकी रोडवरच्या अर्ध्या बायका तिच्याकडे यायच्या. तेही बंद पडलं. येणारे-जाणारे म्हणायचे, शकुनसारखी सून मिळायला नशीब लागतं. सुरुवातीला तिला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे पुढे कुणी तसं म्हणायला लागलं की ती चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जायची.

आता सासू नव्हती, पण अंगानं ते मानलं नव्हतं. दुपारी कूस पालटायची वेळ झाली की शकुन दचकून उठायची, रिकाम्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि चौकटीला धरून उभी राहायची.

एके दिवशी देवानंदनं ती खोली आवरायला काढली. हवेची गादी कुणा गरजूला देऊन टाकली, खाट मागच्या अंगणात उभी केली. सज्ज्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली आणि ओरडला, "यात काय भरून ठेवलं वं तू? एवढी जड!"

पेटीत जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. शकुननं गाठ सोडली. आतली गोधडी तिनं जमिनीवर उलगडली आणि कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. जणू दुसऱ्याच कुणीतरी शिवायला घेतलेली होती ती.

या घरात गोधड्या पुष्कळ शिवल्या गेल्या होत्या, पण प्रत्येक कुणाच्या ना कुणाच्या नावानं. विपुल पोटात असताना, चुलत नणंदेच्या बाळंतपणाला, सख्ख्या नणंदेच्या लग्नात रुखवताला. ही एकच तिनं, सासू पडायच्या आधी, घरात कुणाला न सांगता स्वतःसाठी घेतली होती. फॉल-पिकोला येणाऱ्या साड्यांसोबत बायका ब्लाउजपीसचे तुकडे टाकून जात. त्यांतले तिला आवडलेले तेवढेच तिनं जमवले होते. एक आंब्याच्या रसासारखा पिवळा, एक वांगी रंगाचा खण, बारीक ठिपक्यांचा हिरवा, आणि एक असा निळा की त्याला नाव देता येऊ नये. आत दोन जुनी लुगडी, खाली तिची स्वतःची मऊ झालेली सुती साडी. कडेनं सुरू करून टाक्यांच्या फेऱ्या आत आत घेत ती निम्म्यापर्यंत आली होती. मधला चौकोन तेवढा सुटा होता, फुगलेला. शेवटच्या टाक्याशी सुई तशीच खोचलेली. तिला गंज चढून कापडावर तांबूस डाग पडला होता.

"टाकून द्याची काय?" देवानंदनं विचारलं.

"राहू द्या."

त्या दुपारी ती नवी सुई घेऊन बसली. दोरा काही ओवेना. देवानंदचा वाचायचा चष्मा लावला तेव्हा कुठे ओवला. पहिले चार टाके तिनं घातले आणि स्वतःलाच हसू आलं, पण त्या हसण्यात जीव नव्हता. जुने टाके बारीक होते, तांदळाच्या कणीसारखे, सगळे एका मापाचे. आताचे लांब, तिरके. बोटांची टोकं सतत पाण्यात राहून बधिर झाली होती, सुई टोचली तरी उशिरा कळायचं. एक फेरीसुद्धा पुरी झाली नाही. अर्ध्या बाजूवरच ती तिथेच, गोधडीवर डोकं टेकून झोपली.

दसऱ्याच्या आधी अमरावतीहून नणंदेचा फोन आला. रागिणी शकुनपेक्षा बरीच लहान. शकुन लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेत जायची, शकुननं तिच्या वेण्या घातल्या होत्या. आता ती एका पतसंस्थेत नोकरीला होती. तिचा नवरा चंद्रभान बियाण्याच्या कंपनीच्या कामानं महिन्यातले अर्धे दिवस बाहेर असायचा.

"वयनी, तू आराम कराले ये माह्याकडे," रागिणी म्हणाली. "काईच करू नको. नुसती खाय, झोप. आईचं लय केलं तू. आता माहेरी आल्यावानी राहाय."

शकुनला भरून आलं. आराम कर असं तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिनं दोन साड्या आणि गोधडी पिशवीत भरली आणि एसटीनं निघाली. मूर्तिजापूर मागे पडलं तरी तिला पत्ता नव्हता. खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती अमरावतीपर्यंत झोपूनच गेली.

पहिला दिवस चांगला गेला. रागिणीनं बेसनाच्या पातोड्यांची भाजी केली, गरम भाकरी वाढली, ताट उचलू दिलं नाही. दिवाणावर बसून शकुननं गोधडीचा एक कोपरा मांडीवर घेतला आणि तीनचार बोटं शिवली. आतल्या खोलीत रागिणीची सासू पडून होती. जमुनाबाई, ऐंशी ओलांडलेली, हलकी, कापसाच्या बोंडासारखी. शकुन त्यांना भेटून आली. त्यांनी तिचा हात धरला आणि "शांता, आली काय?" असं विचारलं. शांता कोण ते रागिणीलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रागिणी कामावर निघता निघता दारात थांबली.

"वयनी, येक सांगाचं राह्यलं. माह्या सासूजवळची बाई गेल्या हप्त्यात काम सोडून गेली. दुसरी पाहूनच राहिली मी. तू नुसती नजर ठेवजो. काई कराचं नाई."

शकुन म्हणाली, "जाय तू."

नजर ठेवून कुठे भागतं? तासाभरानं जमुनाबाई कण्हायला लागल्या. शकुन उठली. काय करायचं ते तिच्या हातांना विचारावं लागलं नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेच्या कडेला. म्हातारी अलगद कुशीवर आली. कापड बदललं, अंग पुसलं, खिचडी मऊ केली. संध्याकाळी रागिणी घरी आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. तिनं शकुनच्या गळ्यात हात टाकला. "वयनी, तू हाय म्हून मी आज पहिल्यांदा कामावर धड बसली."

ती लबाडी करत नव्हती. शकुनला ते दिसत होतं. रागिणीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणून शकुननं रात्रीची कूसही स्वतःच पालटली. तिसऱ्या दिवशी रागिणीनं "नुसती नजर ठेव" असंही म्हटलं नाही. औषधं कुठे आहेत तेवढं सांगून गेली. चंद्रभान दौऱ्यावरून एक दिवस आला, आईच्या खोलीत उभ्याउभ्या डोकावला आणि म्हणाला, "वयनी आल्या, मोठं काम झालं." गोधडी पिशवीतच राहिली.

रविवारी रागिणी घरी होती. शकुन अंबादेवीला जाऊन आली. देवळात फार वेळ बसली नाही, गर्दी होती. येताना ओटीचे दोन खण घेतले, एक रागिणीला म्हणून. घरात शिरली तर रागिणी आतल्या खोलीतून बाहेर येत होती, हात धुतलेले, चेहरा जरा सुटका झाल्यासारखा.

"झोपल्या आई," ती म्हणाली. "मेनकापड टोचते म्हनून सकाळपासून ओरडून राहिल्या होत्या. आता शांत हाय."

शकुननं आत डोकावलं. जमुनाबाई गाढ झोपल्या होत्या. त्यांच्या अंगाखाली वांगी रंगाचा खण दिसत होता, आणि पिवळा. पिवळ्याचा रंग ओल लागून पार बदलला होता.

"ही कुठून घेतली तू?" शकुनचा आवाज तिला स्वतःलाच कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

"कोनती? ही गोधडी? तुह्या पिशवीत होती ना. जुन्या लुगड्याची, नरम. मले वाटलं आपल्या आईसाठी शिवाले घेतली असशीन, मंग तशीच राह्यली असंन."

"आईसाठी नाई शिवली."

"मंग कोनासाठी?"

"माह्यासाठी."

"तुह्यासाठी म्हंजे?" रागिणीला खरंच उमगलं नव्हतं. "बरं, धुवून देतो ना मी. वॉशिंग मशीनमधे टाकतो."

"मशीनमधे नको टाकू," शकुन म्हणाली. "मीच धुतो."

जमुनाबाई जाग्या होईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग त्यांना कुशीवर घेऊन गोधडी हळू ओढून काढली, त्यांच्या अंगाखाली दुसरं कापड सरकवलं आणि गोधडी न्हाणीत नेली. साबण लावला, पाणी बदललं, पुन्हा लावला. पाणी पिऊन गोधडी इतकी जड झाली की ती पिळता येईना. तशीच गळती खांद्यावर टाकून ती गच्चीवर गेली. भिंतीवर पसरली आणि सावलीत बसून राहिली. आश्विनातलं ऊन होतं, तासाभरात वरचं कापड सुकलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, कडेच्या फेऱ्या जागच्या जागी होत्या, पण मधला चौकोन न शिवलेला, तिथली आतली लुगडी धुताना घसरून एका कोपऱ्यात गोळा झाली होती. उरलेल्या जागी नुसतं पोकळ कापड. हातानं चाचपलं तर गाठ आल्यासारखं लागायचं.

तिला राग आला नाही. रडूही आलं नाही. फक्त असं वाटलं, की आता आपण या भिंतीजवळून उठूच शकणार नाही.

रागिणी चहा घेऊन वर आली.

"मी उद्या जातो," शकुन म्हणाली.

"वयनी! येका गोधडीपायी?"

"गोधडीपायी नाई वं. मले आता कोनाचंच होत नाई."

"पन तू तर सगळं कसं बिनबोभाट करतं! तुले सवय हाय म्हून मी..." रागिणी मधेच थांबली.

"सवय असली म्हून कंबर दुखत नाई काय, रागिणी?"

रागिणी पायरीवर बसली. शकुनपुढे तिनं कप ठेवला. ती रडायला लागली. मग बोलायला लागली. चंद्रभान घरात नसतो, बायका टिकत नाहीत, पतसंस्थेतले लोक रजा मागितली की तोंड फिरवतात. शकुननं सगळं ऐकलं. पूर्वीची शकुन असती तर म्हणाली असती, राहतो मी दिवाळीपर्यंत. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. तिनं चहा पिऊन टाकला.

"बाई शोध," ती म्हणाली. "भेटते. जरा जास्त पैसे दे, पन शोध."

सकाळी ती ऑटोनं बडनेऱ्याला गेली आणि पॅसेंजरमधे बसली. गोधडी अजून ओलसर होती, तिचा दमट वास पिशवीतून येत होता. अकोला आलं तेव्हा ती झोपलेली होती. समोरच्या बाईनं खांद्याला धरून उठवलं नसतं तर पुढे निघून गेली असती.

देवानंदनं दार उघडलं. "काऊन वं, इतक्या लवकर?"

तिनं पाणी पिऊन त्याला सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा पडत गेला. शेवटी म्हणाला, "तिले असं अडचनीत टाकून आली तू? लहान हाय थे."

"तुमची बहीन हाय," शकुन म्हणाली. "तुमी जा."

"मी? मी काय करू तिथं?"

"मी करत होती थेच."

ती टोमणा मारत नव्हती. तिच्यात तेवढी ताकदच नव्हती. कदाचित म्हणूनच ते त्याला लागलं. तो जेवला नाही, बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बॅग भरली आणि बसस्टँडकडे निघाला. शकुननं त्याला अडवलं नाही, डबा मात्र करून दिला.

घरात ती एकटीच उरली. त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही. मुरमुरे खाल्ले आणि झोपली. दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या गल्लीतली शहाजादी आली. शहाजादीचा नवरा नबी गादीवाला. त्यांच्या कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज शकुनच्या घरात दिवसभर यायचा. गोधडीचे पहिले थर दोघींनी मिळून शहाजादीच्या गच्चीवर अंथरले होते.

"या अल्ला! ही अजून हाय?" गोधडी पाहून शहाजादी म्हणाली. "मी समजली, तू कोनाले देऊन टाकली."

"देऊन टाकली असती तर बरं झालं असतं, भाभी. पाहा ना काय झालं."

शहाजादीनं मधल्या गोळ्यावर हात फिरवला. "येक बाजू उसवा लागते. आतला कपडा सारखा करून पुन्हा टाचा लागते. दुसरा रस्ता नाई दिसत मले."

शकुनलाही ते कळत होतं. गच्चीवर बसली होती तेव्हाच कळलं होतं. पण उसवायची म्हणजे ते जुने, बारीक टाके. तेव्हाचा तिचा हात होता तो. असा हात आता पुन्हा येणार नव्हता. ती कात्री हातात घेऊन बसली आणि बसूनच राहिली. शहाजादीनं दुसऱ्या टोकाचा एक दोरा सुईनं उचलला आणि शकुनकडे पाहिलं. शकुननं होकाराची मान हलवली.

टाके घट्ट होते, निघता निघेनात. दुपार त्यातच गेली. एक बाजू मोकळी झाली तेव्हा दोघींनी आत हात घालून लुगडी ओढली, झटकली, चार कोपरे धरून ताणली. शहाजादी गुडघे दुखतात म्हणत जमिनीवर रांगत होती. "सात साल!" ती म्हणाली. "सात साल तू माह्या घरी चहा प्याले नाई आली. ठाऊक हाय?"

"ठाऊक हाय."

"बुलाया तोभी नाई आई. येक डाव मी भांडाले येनार होती."

"यायचं होतं ना," शकुन म्हणाली. "तू भांडली असती तर मी निदान बसली असती घडीभर."

कच्चे टाके घालून होईपर्यंत ऊन उतरलं. शहाजादी घरी गेली. शकुननं त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही.

हप्त्याभरानं देवानंद परत आला. अमरावतीत बाई मिळाली होती, त्यानंच चार ठिकाणी फिरून शोधली होती. तो आला, चपला काढल्या आणि सरळ आडवा झाला. संध्याकाळी उठला तेव्हा कमरेला हात लावून बसला.

"हलकी दिसते म्हातारी, पन उचलाले गेलं का जड लागते," तो म्हणाला.

"हो."

"येकदा माह्या हातून पडतच होती. मंग रागिणीनं धरलं." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "आईले तू येकटीच पालटत होती?"

"मंग कोन?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तो करायला लागला. साखर जास्त टाकायचा. शकुन बोलून न दाखवता तो प्यायची.

गोधडी मग अशीच चालली. कधी दोन फेऱ्या, कधी एक, कधी चारचार दिवस हातच लागायचा नाही. नव्यानं शिवलेली बाजू लांब, वेड्यावाकड्या टाक्यांची झाली. ती पुन्हा उसवून नीट करावी असं तिला सुरुवातीला वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. पिवळ्या तुकड्यावरचा डाग दोनदा धुऊनही पुरता गेला नाही.

भाऊबीजेला रागिणी आली. शकुनला वाटलं होतं येणार नाही, पण आली. भावाला ओवाळलं, शकुनच्या पाया पडली, नव्या बाईच्या तक्रारी सांगितल्या. दोघींमधे थोडं अंतर होतं, पण ते दोघींनीही तसंच राहू दिलं. जेवणं झाली आणि रागिणी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर टेकली. ती बोलता बोलता झोपी गेली, अर्धं वाक्य तोंडात ठेवून. तोंड किंचित उघडं, हात छातीशी आवळलेले. सकाळपासून हवेत गारवा होता.

"अवं, तिच्या अंगावर काई टाक," देवानंद हळू आवाजात म्हणाला. "ती गोधडी टाक ना."

शकुनच्या मनात ते त्याच्या आधीच येऊन गेलं होतं. तिनं झोपलेल्या रागिणीकडे पाहिलं. अशी थकलेली झोप कशी असते ते शकुनइतकं कुणाला माहीत होतं?

"गोधडी नाई," ती म्हणाली. "कपाटात चादर हाय. खालच्या कप्प्यात. जाड हाय थे, काढा."

देवानंदनं उठून कपाट उघडलं. चादर त्याला लवकर सापडली नाही. वरचे दोन कप्पे त्यानं उगाचच उपसले. शकुन मदतीला उठली नाही. शेवटी सापडली. त्यानं ती बहिणीच्या अंगावर टाकली, पायाशी खोचली.

शकुननं चष्मा लावला, गोधडी मांडीवर ओढली आणि व्हरांड्यातल्या उजेडाकडे तोंड करून बसली. मधला चौकोन आता तळहाताएवढा राहिला होता. चारदोन टाके घालून झाल्यावर तिनं सुई कापडात खोचली आणि डोळे मिटून जरा बसली. मागून चादर ओढून घेतल्याची सळसळ आली, मग रागिणीचा लांब सुस्कारा. शकुननं डोळे उघडले आणि पुढचा टाका घातला.